हनुवटीवरच्या मुरमांसाठी रात्रीचं जेल

अगं, पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर खोल, दुखरे मुरूम येतात म्हणतेस ना, माझंही तिशीनंतर अगदी तसंच झालं. आधी ती मैत्रिणीने दिलेली गोरं करणारी ट्यूब बंद कर. अशा मलमांत बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते आणि मुरूम पुन्हा उसळतात.

त्वचेच्या डॉक्टरांना विचारून ॲडापलीन ०.१ टक्का जेल सुरू कर. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाला की वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसर. नुसत्या फोडावर टिपका ठेवून उपयोग नाही, कारण नवे मुरूम धरू नयेत हेच त्याचं काम. सुरुवातीला एक दिवसाआड लाव, वरून साधं मॉइश्चरायझर. सालं निघतील, चुरचुरेल, मुरूम वाढल्यासारखेही वाटतील. मी तिसऱ्याच आठवड्यात सोडलं होतं, ते चुकलं. १२ आठवडे तरी धीर धर. दिवसा सनस्क्रीन हवंच.

डॉक्टरांनी बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरमांचे जंतू मारणारं औषध) दिलं तर २.५ टक्केवालं पुरतं. उशीला पांढरा अभ्रा घाल, त्याने रंगीत कापडाचा रंग उडतो. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक एकटंच महिनोन्महिने लावू नकोस, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

बाळाचा विचार असेल तर ॲडापलीन नको, त्याऐवजी ॲझेलिक ॲसिडबद्दल डॉक्टरांना विचार. आणि पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घे. तिथे नुसत्या मलमाने भागत नाही.