देदीप्यमान की दैदिप्यमान?

दहावीच्या निकालानंतर चौकातल्या फलकावर 'दैदिप्यमान यश' असं वाचलं. हा शब्द बरोबर आहे का, त्याचा नेमका अर्थ काय आणि हुशार मुलीला 'देदीप्यमान मुलगी' म्हणता येईल का, असं एका ताईंनी विचारलं आहे.

शुद्ध रूप 'देदीप्यमान'. आधी दे, मग दीर्घ दी.

मूळ धातू 'दीप्', म्हणजे उजळणे, तळपणे. एखादी क्रिया पुन्हापुन्हा किंवा अतिशय होते असं सांगायचं असलं, की संस्कृतात धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं. पाणिनीने त्यासाठी 'यङ्' प्रत्यय सांगितला आहे. त्यात आधी येणाऱ्या अक्षरातल्या इ-ईचा गुण होतो, म्हणजे ए होतो, म्हणून 'दे'. 'दै' व्हायला वृद्धी लागते, म्हणजे इ-ए चा ऐ व्हावा लागतो. दिनाचं दैनिक होताना किंवा देवाचं दैविक होताना ती होते, इथे तिचं काम नाही. आणि दुसरं अक्षर म्हणजे तर प्रत्यक्ष धातूच. दीप, दीपक, दीप्ती, प्रदीप, सगळीकडे दी दीर्घ आहे, तसाच इथेही. शब्दातला 'दीप' शाबूत ठेवायचा, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. शेवटचा 'मान' हा श्रीमान-बुद्धिमानमधला नव्हे, तर वर्तमान-विद्यमानमधला: क्रिया चालू आहे असं सांगणारा. म्हणजे सतत, अतिशय तळपत असलेलं ते देदीप्यमान.

ही दुप्पट करण्याची खोड मराठीच्याही अंगात आहे, आणि मला या शब्दात सगळ्यात गोड वाटतं ते हेच. देवघरातली समई संथ तेवते, तिला आपण लखलखते म्हणत नाही. पण नथ घातलेल्या बाईने जरा मान वळवली की खडे लखलखतात. प्रकाश एकदा येऊन थांबत नाही, पुन्हा येतो, म्हणून शब्दही पुन्हा येतो. चमचम, लुकलुक, मिणमिण यांचंही तसंच. 'जाज्वल्य अभिमान' म्हणतो त्यातला जाज्वल्य हा देदीप्यमानचाच भाऊ, फक्त 'ज्वल्' धातूचा. एकात उजेड, दुसऱ्यात आग.

आता वापर. मराठीत देदीप्यमान असतं ते यश, कामगिरी, परंपरा, कारकीर्द. माणसाला तो सहसा लावत नाहीत. 'देदीप्यमान मुलगी' व्याकरणात चुकत नाही, पण कानाला खटकतं. तिच्यासाठी तेजस्वी आहे, तल्लख आहे, कुशाग्र बुद्धीची आहे. कुशाग्र म्हणजे दर्भाच्या टोकासारखी तीक्ष्ण. नवं काही सुचणारी असेल तर प्रतिभावान. प्रतिभेतही 'भा' म्हणजे चमकणे हाच धातू आहे.

सचिन तेंडुलकर १९८९ साली कराचीत पहिली कसोटी खेळला तेव्हा १६ वर्षांचा होता, पहिल्या डावात १५ धावांवर बाद झाला. त्या मुलात प्रतिभा होती. पुढची २४ वर्षं आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांतली १०० शतकं, ही देदीप्यमान कारकीर्द. पुन्हापुन्हा उजळणं शब्दाच्या पोटातच आहे, म्हणून एका परीक्षेच्या निकालाला तो मला जरा मोठा वाटतो. फलकावर 'उज्ज्वल यश' छान दिसेल. फक्त त्यातल्या जोडाक्षरात ज दोनदा आहे, 'उज्वल' छापून येणार नाही एवढं पाहा.