जात प्रतिकारक, पण कोणत्या तुडतुड्याला?

भातातल्या कीडप्रतिकारक जाती आणि त्यांची पैदास यांबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : बियाण्याच्या पिशवीवर ‘तपकिरी तुडतुड्यांना प्रतिकारक’ असे छापले होते. तरी पीक निसवल्यावर शेतात जळाल्यासारखे गोल चट्टे पडले. बियाणे बनावट होते का?

उत्तर : तसे असू शकते, पण तो निष्कर्ष काढण्याआधी चट्ट्याच्या कडेच्या, अजून हिरव्या असलेल्या चुडांकडे जा. चूड हाताने फाकवा आणि पाण्याच्या जरा वर, बुंध्याशी पाहा. हे तुडतुडे तिथेच असतात, पानांवर शोधून सापडत नाहीत. काही चुडांवर दाटी आणि शेजारची चुडे जवळपास मोकळी, शिवाय दाटी असलेल्या चुडांची उंची किंवा निसवण वेगळी, असे दिसले तर बियाण्यात भेसळ आहे. सगळी चुडे एकसारखी आणि सगळ्यांवर सारखीच दाटी असेल, तर बियाणे बहुधा खरे आहे. मग जातीतले जनुक तुमच्याकडच्या तुडतुड्यांपुढे निरुपयोगी ठरले आहे.

पिशवीवरचे वाक्य अर्धवट असते, ही खरी अडचण आहे. पुरे वाक्य असे हवे : अमुक जनुक असलेली ही जात, अमुक भागातल्या तुडतुड्यांना, अमुक वयाच्या रोपांवर घेतलेल्या चाचणीत प्रतिकारक ठरली. यातला एक जरी तपशील बदलला तरी निकाल बदलू शकतो.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने, म्हणजे ‘इरी’ने, १९७३ मध्ये आयआर २६ ही जात दिली. तिच्यात बीपीएच १ हे एकच मोठे जनुक होते (‘बीपीएच’ ही तपकिरी तुडतुड्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे). जात मोठ्या क्षेत्रावर पसरली आणि काही वर्षांतच फिलिपिन्स व इंडोनेशियात तिच्यावर पोसणारे तुडतुडे वाढले. १९७६ मध्ये बीपीएच २ असलेली आयआर ३६ आली. पुढे तिच्यावरही जगणारे तुडतुडे निघाले, तेव्हा बीपीएच ३ असलेल्या जाती आणाव्या लागल्या. दक्षिण आशियातल्या तुडतुड्यांना तर बीपीएच १ आणि २ यांनी कधी नीट रोखलेच नाही. तिथे श्रीलंकेची रथु हीनाटी आणि केरळातल्या पट्टांबीची पीटीबी ३३ या जुन्या जाती उपयोगी पडल्या.

या इतिहासात आयआर ६४ लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९८५ मध्ये आलेल्या या जातीतही मोठे जनुक बीपीएच १ हेच होते, पण ती आयआर २६ पेक्षा बरीच जास्त टिकली. मोठ्या जनुकाच्या जोडीला तिच्यात लहान परिणामाची अनेक जनुके होती. तुडतुडे तिच्यावर जगत, पण सावकाश वाढत, आणि तेवढ्या अवधीत कोळी व इतर भक्षक त्यांना आवरत.

म्हणून फवारणीचा इतिहासही आठवून पाहा. सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारले असेल तर कोळी आणि तुडतुड्यांची अंडी खाणारा मिरीड ढेकूण मरतात, पानाच्या आवरणात घातलेली अंडी मात्र सुरक्षित राहतात. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून. नत्र जास्त झाले तरी मादी अधिक अंडी घालते आणि मध्यम प्रतिकाराची जात संवेदनशील, म्हणजे किडीला सहज बळी पडणारी, असल्यासारखी वागू लागते.

प्रश्न : प्रतिकारक रोपात नेमके काय घडते? किडीला विषबाधा होते का?

उत्तर : बहुतेक वेळा विषबाधा होत नाही, किडीची उपासमार होते. तपकिरी तुडतुडा सोंड थेट अन्नरस वाहणाऱ्या नळीत खुपसतो. रोप त्या नळीत कॅलोज नावाचा पदार्थ साठवून तिला बूच लावते. साध्या जातीत तुडतुडे हे बूच विरघळवण्यात यशस्वी होतात, प्रतिकारक जातीत ते टिकून राहते. बीपीएच १४ हे या किडीविरुद्धचे पहिले जनुक २००९ मध्ये वेगळे काढण्यात आले. त्याचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते : तुडतुड्याच्या लाळेतले ठरावीक प्रथिन ओळखते आणि रोपाची संरक्षणयंत्रणा जागी करते. लाळेतले ते प्रथिन बदलले की पहारेकरी फसतो. एकेकटे जनुक का हरते, हे यावरून कळते. बीपीएच ३० ची रीत वेगळी आहे. ते आवरणातल्या टणक पेशींच्या भिंती जाड करते, त्यामुळे सोंड आत शिरायलाच अडचण येते.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. ट्रेमधल्या रोपचाचणीत दर वेळी वेगळे गुण येतात. एकदा तर किडीला हमखास बळी पडणारी टीएन १ ही जातसुद्धा वाचली. काय चुकत असावे?

उत्तर : टीएन १ वाचली तर ती चाचणी रद्द समजा. तिच्यातून एकही गुण वहीत जाऊ देऊ नका.

ट्रे साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा आणि १० सेंटिमीटर खोल घ्या. मोड आलेले बी ओळीत पेरा, एका ओळीत एक जात. कडेच्या दोन्ही ओळी टीएन १ च्या आणि मधली एक, प्रतिकारक तुलनेसाठी, पीटीबी ३३ ची ठेवा. सात दिवसांनी विरळणी करून प्रत्येक ओळीत २० रोपे राखा. उगवण कमी-जास्त झाली असेल तर तो ट्रे बाजूला ठेवा, कारण दोन दिवस आधी उगवलेले रोप थोरपणामुळेच जास्त टिकते आणि उगाच प्रतिकारक दिसते. मग ट्रे पाण्याच्या पसरट टाकीत ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतली पिल्ले रोपांवर झटका, दर रोपाला ८ ते १०. म्हणजे २२ ओळींच्या एका ट्रेला साडेतीन ते साडेचार हजार पिल्ले लागतात. बहुतेकांची चाचणी इथेच फसते. पिल्ले कमी पडली की पहिल्या अवस्थेतली आणि प्रौढही मिसळले जातात. पहिल्या अवस्थेतली हाताळणीत मरतात, पंख असलेले प्रौढ उडून जातात.

गुण देण्याची वेळ टीएन १ ठरवते, कॅलेंडर नव्हे. तिची ९० टक्के रोपे मेली की त्याच दिवशी सगळ्या ओळींना शून्य ते नऊ या मापावर गुण द्या. शून्य म्हणजे इजा नाही. तीन म्हणजे बहुतेक रोपांची पहिली-दुसरी पाने अर्धवट पिवळी, पाच म्हणजे स्पष्ट पिवळेपणा आणि खुरटलेपणा किंवा निम्म्याच्या आसपास रोपे माना टाकलेली, सात म्हणजे निम्म्याहून जास्त मेलेली, आणि नऊ म्हणजे सगळी मेलेली. टीएन १ साधारण आठवडा-दहा दिवसांत जाते. चार दिवसांतच गेली तर पिल्ले जास्त झाली, आणि मध्यम प्रतिकाराच्या जाती नाहक नऊत ढकलल्या गेल्या. बारा-चौदा दिवस रेंगाळली तर पिल्ले कमी होती किंवा अशक्त.

अशक्त पिल्लांचे कारण पैदासपिंजऱ्यात शोधा. मिरीड ढेकूण तिथे शिरला की तुडतुड्यांची अंडी फस्त करतो. त्याची स्वतःची अंडीही भाताच्या आवरणातच असतात, म्हणून नुसते ढेकूण वेचून भागत नाही. तो पिंजरा पूर्ण रिकामा करा, आणि खात्रीच्या स्वच्छ पिंजऱ्यातल्या माद्या नव्या रोपांवर सोडून पैदास पुन्हा उभी करा. कुंड्या पाण्यात ठेवल्या तर मुंग्या दूर राहतात.

उजेडाकडेही लक्ष द्या. खिडकी एकाच बाजूला असेल तर पिल्ले तिकडे गोळा होतात आणि त्या बाजूच्या ओळी आधी मरतात. जातींचा क्रम प्रत्येक ट्रेमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरवा, निदान तीन ट्रे लावा, आणि पिल्ले न सोडलेला एक ट्रे शेजारी ठेवा. पाणी तुटल्याने रोपांनी माना टाकल्या असतील तर ते या चौथ्या ट्रेत दिसेल.

आणखी एक. संकराच्या दुसऱ्या पिढीतल्या सुट्या रोपाला गुण देऊन ते प्रतिकारक ठरवू नका. एखादे रोप केवळ पिल्लांच्या तावडीतून सुटते. त्या रोपाचे बी घेऊन तिसऱ्या पिढीत २०–२५ रोपांचे कुटुंब तपासा. एका प्रभावी जनुकाचा खेळ असेल तर पूर्ण प्रतिकारक, मिश्र आणि पूर्ण संवेदनशील कुटुंबे १ : २ : १ या प्रमाणात पडतात.

ट्रेमधल्या निकालाला दुजोरा हवा असेल तर तुडतुडे टाकतात त्या चिकट स्रावाची चाचणी करा. महिनाभराच्या रोपाच्या बुंध्याशी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगद्रव्यात भिजवून वाळवलेला गाळणकागद ठेवा, वर प्लास्टिकचा पेला उपडा घाला, आणि दोन-तीन तास उपाशी ठेवलेल्या पाच माद्या आत सोडा. चोवीस तासांनी पिवळट कागदावर निळे डाग दिसले तर त्यांनी अन्नरस प्यायला. डाग फिके, पांढरट असतील तर अन्नरस मिळाला नाही, माद्यांनी पाणी वाहणाऱ्या नळ्यांवर दिवस काढला. डागांचे क्षेत्र आलेखकागदावर उतरवून चौरस मिलिमीटरमध्ये नोंदवा.

प्रश्न : दोन-तीन जनुके एका जातीत आणायची आहेत. कोणती निवडावीत आणि किती रोपे तपासावी लागतील?

उत्तर : निवडीपूर्वी जनुकांची जागा पाहा. बीपीएच १, २, ९, १८ आणि २६ ही नावे वेगळी असली तरी सगळी बाराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागेची वेगवेगळी रूपे आहेत. शुद्ध वाणात त्यांतले एकच राहू शकते. दोन घालायला निघालात तर चार-पाच हंगाम फुकट जातील. याउलट बीपीएच १४ तिसऱ्या गुणसूत्रावर आणि बीपीएच १५ चौथ्या गुणसूत्रावर असल्यामुळे ती एकत्र नांदतात.

आता रोपांचा हिशेब. वेगवेगळ्या जागी असलेली दोन जनुके दुसऱ्या पिढीत शुद्ध रूपात मिळण्याची शक्यता १६ त एक. असे निदान एक रोप ९५ टक्के खात्रीने हवे असेल तर ४७ रोपे तपासावी लागतात, ३२ नव्हे. तीन जनुकांसाठी ६४ त एक, म्हणजे १९१ रोपे. मूळ चांगल्या जातीशी पुन्हा संकर करताना काम हलके असते. तिथे तीनही जनुकांची एकेक प्रत असलेले रोप आठात एक निघते आणि २३ रोपे पुरतात.

जनुकाबरोबर येणारा नको असलेला भाग काढणे जास्त कष्टाचे. बीपीएच १४ आणि १५ ही ओरायझा ऑफिसिनॅलिस या रानभाताकडून आलेली आहेत, आणि रानभाताचा लांब तुकडा सोबत आला तर उत्पादन व दाण्याची प्रत यांवर परिणाम होऊ शकतो. जनुकापासून एका बाजूला दोन सेंटिमॉर्गनच्या (गुणसूत्रावरचे अंतर मोजण्याचे एकक) आत तुकडा तुटण्याची शक्यता सुमारे दोन टक्के. त्यासाठी जनुक असलेली जवळपास १५० रोपे हवीत, म्हणजे पहिल्या पुनःसंकरात ३०० च्या आसपास बी. दोन्ही बाजू एकाच पिढीत तोडायच्या हट्टाला पेटू नका. पहिल्या पुनःसंकरात एक बाजू आणि दुसऱ्यात दुसरी, हा क्रम परवडतो.

शेवटची तपासणी मार्करने, म्हणजे जनुकाजवळच्या डीएनए-खुणेनेच करा. ट्रेमध्ये एक जनुक आणि दोन जनुके यांचे गुण सारखेच दिसू शकतात.

प्रश्न : गादमाशीच्या चाचणीत आमच्या काही ओळींवर एकही चंदेरी पोंगा (या किडीची खूण) आला नाही. त्या प्रतिकारक धराव्यात का?

उत्तर : लगेच नको. गादमाशी पानावर अंडी घालते आणि अळी ओलाव्याच्या आधाराने खाली वाढबिंदूपर्यंत सरकते. हवा कोरडी असेल तर ती वाटेतच मरते आणि सगळ्याच ओळी प्रतिकारक दिसतात. म्हणून काही रोपे उभी चिरून भिंगाखाली वाढबिंदू पाहा. मेलेली अळी सापडली तर प्रतिकार खरा, अळीच नसेल तर रोप फक्त सुटले. जीएम १ आणि जीएम ८ ही गादमाशीविरुद्धची जनुके असलेल्या रोपांत अळी मरते पण पेशी तपकिरी होत नाहीत, इतर बहुतेक जनुकांत होतात. एवढ्या खुणेवरूनही दात्याचा, म्हणजे जनुक जिथून आले त्या जातीचा, अंदाज बांधता येतो.

जीएम ३ वापरत असाल तर ते अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती असतील तरच परिणाम दाखवते, हे ध्यानात ठेवा. पुनःसंकराच्या रोपांत प्रतिकार दिसणारच नाही. मार्कर नसेल तर प्रत्येक फेरीनंतर स्वफलन करून पुढच्या पिढीत चाचणी घ्यावी लागते आणि लागणारा काळ जवळपास दुप्पट होतो.

प्रश्न : खोडकिड्याला पक्की प्रतिकारक जात का मिळत नाही? आणि हिरव्या तुडतुड्यांना प्रतिकारक जातीवर टुंग्रो हा विषाणूरोग कसा आला?

उत्तर : लागवडीच्या भातात पिवळ्या खोडकिड्याविरुद्ध पक्का प्रतिकार देणारे जनुक सापडलेले नाही. टीकेएम ६ सारख्या दात्यांत आहे तो मध्यम प्रतिकार, अनेक लहान जनुकांचा. तो एका जनुकासारखा उचलून दुसऱ्या जातीत ठेवता येत नाही. त्यामुळे गाभेमर आणि पांढऱ्या लोंब्या या खोडकिड्याच्या खुणांची मोजणी अनेक हंगाम, अनेक ठिकाणी करून टप्प्याटप्प्याने निवड करावी लागते.

टुंग्रोचे कारण वेगळे. किडीला प्रतिकार आणि विषाणूला प्रतिकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. हिरव्या तुडतुड्यांना प्रतिकारक जात त्यांना पोसत नाही, म्हणून त्यांची संख्या कमी राहते आणि रोग सावकाश पसरतो. पण विषाणू घेऊन आलेला तुडतुडा रोप चाखून पाहतो, आणि तेवढ्या वेळात लागण होऊ शकते. शेजारच्या शेतात टुंग्रोची रोपे उभी असतील तर नवे तुडतुडे विषाणू आणतच राहतात. अशा ठिकाणी विषाणूलाही प्रतिकारक असलेली जात मागा, आणि नवी रोपवाटिका टाकण्याआधी रोगट धसकटे व खोडवा नांगरून गाडा.