पगार वाचवायचा असेल तर आधी कामगाराचं नाव कागदावर आणा

तुम्ही विचारलंय की महामारीत कारखाने बंद ठेवावे लागले तर कामगारांचा पगार आणि नोकरी वाचवायला सरकारने कोणती योजना आणावी. माझ्या मते 2020 मध्ये योजनांचा तुटवडा नव्हताच. पण ज्याचं नाव कुठल्या कागदावर नाही त्याच्यापर्यंत योजना पोचत नाही, आणि सोलापूरच्या यंत्रमागांवर अशी माणसं किती आहेत ते पूर्व भागात कुणालाही विचारा.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होते, आई घरी विड्या वळायची. मार्च 2020 मध्ये दोघांचंही काम एकदमच बंद झालं. 29 मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला की बंदच्या काळातही मालकांनी कपात न करता पूर्ण पगार द्यावा. वडिलांच्या पाळीतल्या लोकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली. पण पूर्ण पगार म्हणजे किती? मजुरी डझनावर. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, मालकाच्या वहीत पेन्सिलीने मागाचा नंबर आणि त्यापुढे उतरलेले डझन लिहायचा, शनिवारी बेरीज करून रोख हातात. ना पगारपत्रक, ना पावती, आणि वही मालकाच्या कपाटात. मालक म्हणाला, "मागच चालले नाहीत तर मजुरी कसली? पाहिजे तर उचल घ्या." दोन हजार उचल मिळाली. माग सुरू झाल्यावर दर शनिवारी थोडी थोडी करून ती कापून घेतली. आमच्या गल्लीत अजूनही लोक म्हणतात, मालकाने सांभाळून घेतलं. फेडून घेतलेल्या पैशाला मी सांभाळणं म्हणत नाही.

तो आदेशही टिकला नाही. मालक मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली, 18 मेपासून केंद्राने आदेश मागे घेतला, आणि 12 जूनला न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा. ज्याचा पुरावा मालकाच्याच कपाटात आहे तो काय बोलणी करणार?

आता आईचं बघा. विडीवाली बाई घरी उंबऱ्यात बसून पानं कापते, पण तिच्याकडे कार्ड आहे, पीएफ खातं आहे. हे कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. सोलापूरच्या बायकांनी लाल बावटा घेऊन त्यासाठी मोर्चे काढले, आणि घरी बसून विड्या वळणारीही पीएफ कायद्याखाली कामगारच आहे हे सर्वोच्च न्यायालयानेही मानलं. लॉकडाऊनमध्ये खात्यातून तीन महिन्यांचं वेतन किंवा जमा रकमेच्या 75 टक्के, यातली कमी असेल ती रक्कम काढायची सवलत मिळाली. आईचं कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, म्हणून अर्ज परत आला. नाव दुरुस्त करून पुन्हा भरला तेव्हा पैसे बँकेत जमा झाले. फार नव्हते, पण किराणा आणि वडिलांच्या बीपीच्या गोळ्या त्यातच भागल्या.

माझे चुलते त्याच कारखान्यात जॉबर होते. पीएफचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं असायचं, "बारा टक्के कापले तर शनिवारी घरी काय न्यायचं?" दिवाळीला यावरून आमच्याकडे ताटावरच वाद व्हायचा, आणि वडील त्यांचंच ऐकायचे. काका, इथे सगळ्यांसमोर सांगतो. ज्या कारखान्यात शंभरपर्यंत कामगार आणि त्यातल्या 90 टक्क्यांचा पगार 15 हजारांच्या आत, तिथे मार्च ते ऑगस्ट 2020 तुमचेही बारा टक्के आणि मालकाचेही बारा टक्के सरकारने भरले. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असलेल्याचं काम सुटलं तर 90 दिवसांपर्यंत निम्मी मजुरी मिळायची सोय केली. आपलं शेड शंभराच्या आतलंच होतं. तुम्ही वाचवलेल्या बारा टक्क्यांतलं एप्रिलमध्ये काय शिल्लक होतं?

जर्मनीत कामाचे तास कमी झाले तर बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मुलं असतील तर 67 टक्के सरकारी यंत्रणा भरते आणि नोकरी तशीच राहते. ब्रिटनने 80 टक्के दिले, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत. इथेही तसं करता येईल, पण तिथे पैसा पगारपत्रकावरून गेला. आपल्याकडे पेन्सिलीच्या वहीवरून कसा पाठवणार?

हेही सांगायला हवं की चार-आठ मागांचा छोटा मालक त्या वर्षी खरंच अडकला होता. सूत आणलेलं, माल पडून, बँकेचा हप्ता चालू. त्याला 'पूर्ण पगार दे' म्हणून नुसता आदेश काढणं चुकीचंच होतं, सरकारने वाटा उचलायला हवा होता. पण शेड बायकोच्या, भावाच्या, मेहुण्याच्या नावावर दाखवणाऱ्याला मी त्यात धरत नाही. त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर निम्म्या मजुरीची भरपाई होती, पण 50 कामगार असतील तरच. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या माणसांची तीन कारखान्यांत वाटणी केली की कुठेच 50 भरत नाहीत. नोकरी वाचवायची तर पहिली मागणी हीच करा की एका मालकाची सगळी शेडं एकच कारखाना म्हणून मोजा. आणि तोवर आपले डझन आपल्या डायरीत रोज लिहा, शनिवारी जॉबरची सही घ्या.