दाबली की उघडणारी पक्कड

प्रश्न : धुळ्यात भंगारच्या दुकानात एक जुनी, जड पक्कड मिळाली. लांबी साधारण १० इंच. दांडे दाबले की जबडे मिटण्याऐवजी उघडतात आणि दातेरी पट्टीत खटका अडकून तसेच राहतात. दोन्ही जबड्यांची टोकं चपटी, बेचक्यासारखी आहेत. अंगावर ‘पॅट.’ आणि पुढे १७ने सुरू होणारा सात आकडी नंबर. दुकानदार म्हणतो, रेल्वेचं अवजार आहे. खरं काय?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : भुसावळ जवळ असल्याने खान्देशात भंगारातलं कुठलंही जड अवजार रेल्वेच्या नावावर खपतं. तुमच्या हाती आलंय ते मोटारीचं अवजार, साइड व्हॉल्व्ह इंजिनाचा व्हॉल्व्ह लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून व्हॉल्व्ह मोकळा करायची पक्कड.

खरी खूण बेचक्याची. दाबल्यावर उघडणाऱ्या पकडी आणखीही असतात. सर्क्लिपच्या, म्हणजे दांड्यावर अडकणाऱ्या स्प्रिंगच्या कडीच्या, पकडीची टोकं बारीक आणि गोल असतात, पिस्टन रिंग फाकवायची पक्कड अंगाने हलकी असते. बेचकं दोन्हींना नसतं. ते असतं व्हॉल्व्हची दांडी मधून जावी म्हणून. फट कॅलिपरने मोजा. विलिस जीपच्या व्हॉल्व्हची दांडी जवळपास ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर असते. फट त्याहून जरा जास्त भरली तर शंका उरत नाही.

या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला उभे असतात. हेड आणि बाजूचं झाकण काढायचं, इंजिन फिरवून तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद स्थितीत आणायचा. खालचं बेचकं टॅपेटवर (व्हॉल्व्हला खालून ढकलणाऱ्या खुंटीवर) किंवा ब्लॉकच्या तळावर टेकवायचं, वरचं स्प्रिंगखालच्या वाटीला लावायचं. दांडे दाबले की वाटी वर जाते आणि वाटी दांडीवर अडकवून ठेवणारे दोन अर्धे लॉक मोकळे होतात. ते काढले की व्हॉल्व्ह वरून उचलता येतो. लॉक चिकटलेले असतील तर व्हॉल्व्हही वाटीबरोबर उचलला जातो; तेव्हा त्याचं डोकं लाकडी ठोकळ्याने दाबून धरा. आणि सुरुवातीलाच आतल्या ऑइलच्या भोकांत चिंधी कोंबा. लॉक निसटून त्यातून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात पडला, तर दहा मिनिटांच्या कामासाठी चेंबर उतरवावं लागतं. परत बसवताना लॉकला घट्ट ग्रीस लावलं की ते दांडीला चिकटून राहतात.

वापरणार असाल तर आधी खटका तपासा. दाते झिजलेले असतील तर भार आल्यावर तो सुटतो आणि बोटं मध्ये सापडतात.

फोर्ड मॉडेल टी, युद्धकाळातली विलिस जीप, डॉज-फार्गोचे जुने पेट्रोल ट्रक यांना असा लिफ्टर लागे. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, त्यामुळे तिथे तो निम्म्याच कामाचा. शेवरोलेट किंवा बेडफोर्डला उपयोग नाही. त्यांचे व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात, त्यांना सी आकाराचा लिफ्टर लागतो.

नंबर अमेरिकन पेटंटचा दिसतो. त्या काळचे ब्रिटिश नंबर सहा आकडी असत. अमेरिकेत दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये आणि वीस लाखावं १९३५ मध्ये निघालं. १७ने सुरू होणारा सात आकडी नंबर १९२९ ते १९३१ मधला. अवजार त्याआधीचं नाही एवढंच यावरून कळतं. त्याच पेटंटवर माल पुढेही बरीच वर्षं निघू शकतो.

बाकीची अक्षरं वाचायची तर रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये बुडवून ठेवा, पितळी ब्रशने घासा, कोरड्या अंगावर खडू चोळा. ग्राइंडर लावला की अक्षरंही जातात आणि किंमतही. गंज सोडवायला गॅसची ज्योत तर मुळीच नको, पोलादाचं पाणी उतरतं.

प्रश्न : जुन्या पान्यावर १/४ डब्ल्यू लिहिलंय, पण तोंड अर्ध्या इंचाहून मोठं आहे. नंबर चुकीचा मारलाय का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : नाही. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, आट्यांचं जुनं ब्रिटिश माप. त्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाचा नव्हे. १/४ डब्ल्यूचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर, ५/१६ बीएसएफलाही (बारीक आट्यांचं ब्रिटिश माप) तोच पाना चालतो. अशा नटावर १३चा पाना चढत नाही आणि १४चा ढिला बसून कोपरे गोल करतो. पाना विकू नका.