बाळाचे डॉक्टर निवडताना

"मॅडम, बाळासाठी चांगले डॉक्टर कोणते?" दिवस भरत आलेल्या बायका विचारतात, नुकत्याच आई झालेल्या विचारतात, कधी आजी फोन करून विचारते. मी समुपदेशक आहे, डॉक्टरांची नावं सुचवणं माझं काम नाही. पण हा प्रश्न विचारताना बहुतेकींचा आवाज कातर होतो आणि त्या कातरपणाशी माझा रोजचा संबंध येतो. म्हणून एका आईबद्दल लिहिते. तिची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

ती आली तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं आणि तोवर तीन डॉक्टर करून झाले होते. पहिले "फार घाईत असतात". दुसऱ्या डॉक्टर "वजन कमी वाढतंय, एवढंच म्हणतात". तिसऱ्यांनीही तेच सांगून वर तपासण्या लिहून दिल्या. आता चौथ्यांचा शोध सुरू होता. नवऱ्याने त्यासाठी तक्ताच केला होता: पदवी, अनुभव, घरापासूनचं अंतर, लोकांचे अभिप्राय, आणि शेवटी प्रत्येकाला गुण. तक्त्यात चुकीचं काहीच नव्हतं. बालरोगशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवीच, आणि रात्री ताप आला तर पोचता येईल इतकं जवळ हवं, हेही खरंच.

मी म्हटलं, "तक्ता राहू दे. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर काय होतं ते सांगा."

"मी प्रश्न लिहून नेते. पण विचारायचे राहूनच जातात."

प्रश्न फोनवर लिहिलेले होते. वाचून दाखवा म्हटलं. बाळ दूध ओकतं, शिंकतं, संध्याकाळी तासभर रडतं... ती वाचत गेली. एका ओळीपाशी अंगठा थांबला आणि भरकन पुढे गेला.

"ती मधली ओळ?"

बराच वेळ ती गप्प राहिली. इतक्या वर्षांच्या कामातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: अशा वेळी आपण घाई करायची नाही. दुसरा प्रश्न टाकला की माणूस त्याच्या आड लपतो. मी थांबले.

"रात्री मी वरचं दूध देते," ती म्हणाली. "कोणालाच सांगितलं नाही. पावडर थोडी कमीच घालते, त्याला जड पडू नये म्हणून."

"डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?"

"तिघांनीही विचारलं. मी म्हटलं, फक्त अंगावरचं. नाहीतर ओरडले असते."

आणि मग ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे त्यांना खरं कळणार तरी कसं होतं?"

हे वाक्य तिचं तिला सापडलं, याचं मला फार समाधान आहे. मी सांगितलं असतं तर तो आणखी एक ठपका झाला असता. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढतं. पावडर पातळ कालवली की पोट भरल्यासारखं वाटतं, पण पोषण पुरत नाही, आणि जादा पाण्याने रक्तातलं सोडियमही घसरू शकतं. डब्यावर जे माप लिहिलंय ते तसंच पाळावं लागतं. तिन्ही डॉक्टर वजनाचं कारण शोधत होते आणि ते कारण त्या गाळलेल्या ओळीत होतं.

डोनाल्ड विनिकॉट आधी बालरोगतज्ज्ञ, मग मनोविश्लेषक. लंडनच्या मुलांच्या एका रुग्णालयात त्यांनी चाळीस वर्षं आया आणि बाळं पाहिली. एकटं बाळ असं काही नसतंच, बाळ म्हटलं की त्याला सांभाळणारं कोणीतरी आलंच, असं ते म्हणत. माझी सगळी बैठक याच विचाराची आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तुम्ही ज्यांच्याशी खोटं बोलणार नाही, ते तुमच्या बाळाचे डॉक्टर.

हे कळायला शक्यतो बाळ होण्याआधीच, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत एकदा भेटून या. ज्या गोष्टीची लाज वाटते तीच मुद्दाम विचारा: "मला दूध कमी आलं तर?" उत्तराआधी चेहरा बघा. तुम्हाला दोष न देता ते आणखी माहिती विचारतात का? वजन नुसतं लिहितात, की वाढीच्या आलेखावर दाखवतात? औषध देताना कशासाठी ते सांगतात का, आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक नको असं ठामपणे म्हणतात का? रात्री आणि सुटीच्या दिवशी फोन कोण घेतं, हेही तेव्हाच विचारून ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, ते दूध प्यायचं थांबलं, मलूल पडलं किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर सकाळची वाट बघायची नसते.

आणि एक, जे कुठल्याच तक्त्यात नसतं: ते आईला "तुम्ही कशा आहात?" विचारतात का? बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नाही, उदासी दोन आठवडे उलटले तरी जात नाही, हे डॉक्टरांनी ओळखणं फार मोलाचं असतं. अशा वेळी त्यांनी विचारलं नाही, तर तुम्ही होऊन सांगा.

ती पुन्हा दुसऱ्या डॉक्टरांकडेच गेली. रात्रीचं दूध सांगितलं, पातळ कालवलेलं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. किती वेळा, किती पाण्यात किती चमचे, हे विचारून त्यांनी माप समजावलं आणि आठवड्याने वजनाला बोलावलं. वजन वाढू लागलं. चौथ्यांचा शोध तिथेच थांबला.

सगळीकडे असंच होईल असं नाही. खरं सांगितल्यावरही अपमान झाला, तर डॉक्टर जरूर बदला आणि त्याचं ओझं मनावर घेऊ नका. फक्त जाताना लसीकरणाचं कार्ड, वजनाच्या नोंदी आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि डॉक्टर बदलायच्या गडबडीत लशीची तारीख चुकू देऊ नका.