सर्व्हिसिंगनंतर इंजिन जाम: गॅरेजकडून भरपाई कशी मागावी?

प्रश्न : खासगी गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग केली, त्यात ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. ७,४०० रुपये यूपीआयने दिले. बिल मिळालं नाही, फक्त जॉब कार्ड आहे. चौथ्या दिवशी महामार्गावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं. टोइंग करून गाडी त्याच गॅरेजला नेली. मालक म्हणतात, ‘दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवली. इंजिनच्या कामाचे १,३८,००० रुपये द्या, नाहीतर रोज ३०० रुपये पार्किंग लागेल.’ जॉब कार्डावर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं आहे. गाडी वडिलांच्या नावावर आहे. काय करावं?

उत्तर : आजच गॅरेजला लेखी कळवा की तुमच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन उघडायचं नाही, चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट आणि ऑइल फिल्टर काढायचा नाही, स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड पुसायचे नाहीत आणि सर्व्हिसिंगच्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायचं. व्हॉट्सॲपवर पाठवा, शिवाय स्पीड पोस्टानेही. अशी प्रकरणं कायद्यापेक्षा पुराव्यावर जास्त हरली जातात. ज्याने चूक केली त्याच्याच ताब्यात गाडी आहे, आणि एकदा इंजिन उघडलं की नट घट्ट होता की सैल, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सेवेत त्रुटी होती, हे आधी तक्रारदाराला दाखवावं लागतं. तुमच्या बाबतीत ते अवघड नाही, कारण ऑइल कुठून गेलं त्याची खूण मागे राहते. नट नीट आवळला नसेल तर तो सैल सापडतो किंवा गळून पडलेला असतो. जास्त आवळला असेल तर आटे गेलेले दिसतात. वॉशर जुनाच लावला असेल तर तो चपटा झालेला असतो. फिल्टरची एक चूक तर नेहमीची आहे : जुन्या फिल्टरचं रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहतं आणि नवा फिल्टर त्याच्यावर बसवला जातो. काही दिवस चालतं, मग दाबाने रिंग सरकतं आणि ऑइल बाहेर फेकलं जातं. फिल्टर काढल्यावर दोन रिंगं मिळाली, तर गॅरेजला बोलायला फारसं काही उरत नाही.

गॅरेजचा पुढचा बचाव बहुधा ‘खालून दगड लागला’ हा असेल. म्हणून गाडी रॅम्पवर घेऊन चेंबरचे खालून फोटो काढा. चेंबरला चेपा किंवा तडा नसेल तर तो बचाव टिकत नाही. ‘आटे आधीच खराब होते’ असंही म्हणतील. तसं असेल तर ते तुम्हाला सांगून जॉब कार्डावर लिहायला हवं होतं. डिपस्टिकवरची पातळी आणि घरी गाडी उभी असते तिथले ऑइलचे डाग यांचेही फोटो घ्या.

तपासणी दुसऱ्या ठिकाणी करा. परवानाधारक सर्व्हेअर किंवा स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर नेमा आणि गॅरेजला तारीख, वेळ, जागा लेखी कळवून हजर राहायला सांगा. आले नाहीत तरी तपासणी करा, पण त्यांना बोलावल्याचा पुरावा ठेवा. सुटे भाग सीलबंद पिशवीत ठेवून त्यावर सह्या घ्या. अहवालात ‘इंजिन खराब झाले’ एवढंच नको. ऑइल कुठून गेलं, का गेलं आणि त्यामुळे बेअरिंग व क्रँक या इंजिनच्या आतल्या भागांचं काय झालं, ही साखळी लिहिलेली हवी.

दिवा लागल्यावर गाडी चालवल्याचा आरोप गंभीरपणे घ्या. त्यात तुमची थोडी चूक दिसली तर ग्राहक आयोग रक्कम कमी करू शकतो. फास्टॅगची नोंद, टोइंगला फोन केल्याची वेळ, मोबाइलमधला लोकेशनचा इतिहास, सोबतच्या प्रवाशाचं शपथपत्र : यातून दिवा लागणं आणि गाडी थांबणं यात किती मिनिटं गेली ते मांडा. ऑइलच्या दाबाचा दिवा लागतो तेव्हा बेअरिंगला ऑइल मिळणं जवळपास थांबलेलं असतं, हे तज्ज्ञाकडून अहवालात लिहून घ्या.

आता ‘मालकाच्या जबाबदारीवर’ या ओळीबद्दल. ती वाचून बरेच जण प्रकरण सोडून देतात, तुम्ही तसं करू नका. हॉटेलच्या ताब्यातून गाडी चोरीला गेल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं की अशा छापील अटीच्या आडून हॉटेलला स्वतःच्या आणि नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. तुमच्या नोटिशीत या निकालाचा आधार जरूर घ्या. गाडी घेताना ‘काम समाधानकारक’ म्हणून सही केली असेल तरी घाबरू नका. नट किती आवळलाय हे सही करणाऱ्याला दिसत नसतं.

रोजचे ३०० रुपये देऊ नका. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागिराला वस्तू अडवून ठेवता येते ती केलेल्या कामाच्या मजुरीसाठी. सर्व्हिसिंगचे पैसे तुम्ही दिलेत, इंजिनचं काम अजून झालेलंच नाही आणि पार्किंगचा करारही झालेला नाही. तरीही गाडी सोडत नसतील तर ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीसोबतच अंतरिम (निकालापूर्वीच्या तात्पुरत्या) आदेशाचा अर्ज करा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली आयोगाला तो अधिकार आहे. घाईने सोडवावीच लागली तर पावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लिहूनच पैसे द्या.

नोटीस पंधरा दिवसांची द्या. कायद्याने ती सक्तीची नाही, पण गॅरेज त्या उत्तरात जी भूमिका घेतं ती नंतर बदलणं त्याला जड जातं. मागणीत इंजिन दुरुस्तीचा खर्च (दोन वेगवेगळ्या गॅरेजची कोटेशनं जोडा), सर्व्हिसिंगचे ७,४००, टोइंग, तज्ज्ञाची फी, पर्यायी प्रवासाचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च धरा. इंजिनचा काही भाग बदलून (हाफ इंजिन) भागत असेल तर पूर्ण इंजिन (फुल इंजिन) मागू नका. करार कायद्याचं कलम ७३ चुकीचा थेट परिणाम असलेलं नुकसान देतं आणि ते आटोक्यात ठेवायला तुम्ही काय केलंत हेही पाहतं. सहा महिने भाड्याची गाडी वापरून ते बिल लावलं, तर सगळ्या मागणीवरचाच विश्वास उडतो.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अधिकारक्षेत्र भरपाईच्या रकमेवरून ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं. ५० लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगाकडे येतो आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन होते, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं, पण इतकं थांबू नका, सीसीटीव्ही त्याच्या खूप आधी पुसलं जातं. सेवा वापरणारा लाभार्थीही ग्राहक असतो. तरी गाडी वडिलांच्या नावावर असल्याने दोघांनी मिळून तक्रार करा, म्हणजे ‘तुम्ही ग्राहकच नाही’ हा आक्षेपच उरत नाही.

बिल न देणं ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तो मुद्दा वेगळा लिहा. यूपीआयची नोंद आणि जॉब कार्ड एवढ्यावर व्यवहार सिद्ध होतो. चॅट आणि फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर गॅरेजला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर जरूर बसा, मात्र तडजोडीत रक्कम, तारीख आणि नव्या कामाची लेखी वॉरंटी या तिन्ही गोष्टी घाला. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि गॅरेज अपिलात गेलं, तर आदेशाच्या निम्मी रक्कम त्यांना आधी भरावी लागते, आणि अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत असं झालं तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली अर्ज करा. आदेश न पाळल्यास किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान २५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.