मनात खयचा बंदर?

"चेडवाच्या डोक्यात कायच रवणा नाय, मॅडम," खुर्चीत बसता बसताच आईने सांगून टाकलं. जूनचा पाऊस, मालवणहून कुडाळपर्यंत एसटी. मुलीच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं इंग्रजी शब्दांचं जाडजूड पुस्तक. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी, डिसेंबरात क्लॅट, म्हणजे कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा. रोज पन्नास शब्द पाठ करायची, आठवड्याने त्यातले दहाही आठवायचे नाहीत. आईचा खरा प्रश्न जरा वेळाने, दबक्या आवाजात आला. मराठी शाळेत घातली, ती आमची चूक झाली का?

हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पुस्तकात पानोपानी हिरव्या शाईच्या खुणा होत्या. खूण म्हणजे काय, विचारलं. "वाचून झालं. येतं." मी अर्थाच्या रकान्यावर हात ठेवला आणि खूण केलेले वीस शब्द विचारले. सहा आले. मुलीचा चेहरा पडला.

पण तिची स्मरणशक्ती अगदी ठीक होती. पुन्हा पुन्हा वाचलं की शब्द ओळखीचा वाटू लागतो, आणि ती ओळख आपण ज्ञान समजतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासलं होतं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील, ही खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

इथे माझीही एक चूक झाली. पन्नासाचे वीस शब्द कर, असं सांगून मी तिला परत पाठवलं. पंधरा दिवसांनी ती आली तेव्हा ताण कमी झाला होता, सराव परीक्षेतले गुण मात्र तिथेच. मग मी ते पुस्तक बाजूला ठेवायला लावलं आणि चुकलेली उत्तरपत्रिका मागितली. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

इंग्रजीचे आठ प्रश्न चुकले होते. त्यांतल्या दोनच ठिकाणी शब्द खरोखर अनोळखी होता. बाकी सगळे शब्द तिला 'येत' होते! उताऱ्यात एका देशावर 'सँक्शन' लादल्याचं वाक्य होतं. "सँक्शन म्हणजे मंजुरी ना? बाबांच्या बोटीचा लोन सँक्शन झाला, तसाच." बरोबरच आहे. पण तोच शब्द निर्बंधालाही वापरतात, म्हणजे जवळजवळ उलट अर्थ. दुसरीकडे एका पक्षाने विधेयकाला 'क्वालिफाइड' पाठिंबा दिला होता. हिने अर्थ लावला, पात्र लोकांचा पाठिंबा. तिथे तो होता अटी घालून दिलेला, हातचं राखून दिलेला. आणि कुणीतरी मनात राग 'हार्बर' करत होतं, तिथे तर ती थबकलीच.

जाड पुस्तक एका शब्दापुढे एक अर्थ देतं. क्लॅटने मात्र २०२० पासून सगळा पेपरच उताऱ्यांवर आणला आहे. साधारण ४५० शब्दांचा उतारा आणि या वाक्यात या शब्दाचा अर्थ काय, अशा धर्तीचा प्रश्न. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. अर्धवट ओळखीचा शब्द इथे अनोळखी शब्दापेक्षा महाग पडतो, कारण अनोळखी शब्द आपण सोडून तरी देतो.

आईला उत्तर द्यायचं होतंच. मराठी शाळा ही चूक नाही, हे मी ठामपणे सांगितलं. पण सगळं छान आहे असंही म्हटलं नाही. मुलीने अभ्यासाबाहेरचं इंग्रजी जवळपास वाचलेलंच नव्हतं, आणि ती उणीव खरी होती. म्हणून कॉलेजच्या वाचनालयात रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचायचा. त्यातले पाच शब्द, पण पूर्ण वाक्यासकट वहीत. शब्दाची जागा रिकामी ठेवायची आणि तो पानामागे लिहायचा. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी रिकाम्या जागा भरायच्या.

शेवटची अट वडिलांसाठी होती. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ते घरीच, पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेले. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणूनच ते मला हवे होते. संध्याकाळी तिने वहीतली वाक्यं त्यांना मालवणीत समजावायची. त्यांना पटलं नाही तर तो शब्द आला असं धरायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. "हार्बर म्हणजे बंदर, ता माका म्हायत आसा. मगे मनात खयचा बंदर?" तिला काही सांगता येईना. दोन दिवसांनी तिचं तिलाच सुचलं, "होडी बंदरात ठेवतत ना बाबा, तसो राग मनात ठेवचो."

नारळी पौर्णिमेनंतर ते पुन्हा समुद्रावर जाऊ लागले आणि शिकवणी रात्रीवर गेली. सप्टेंबरच्या सराव परीक्षेत तिचे शब्दांवरचे दोनच प्रश्न चुकले. वेळ अजून पुरत नाही, त्यावर आमचं काम चालू आहे.

परवा वडिलांचाच फोन आला. वहीत 'लीवे' आला होता. मुलगी सांगत होती, सूट, मोकळीक. त्यांना ते अपुरं वाटत होतं. मी शब्दकोश काढला. मूळ शब्द जहाजावरचाच, वाऱ्याच्या रेट्याने बाजूला सरकणं. वाचून दाखवलं.

"म्हणजे वाऱ्यान होडी आडवी सरकता, ताच ना?" ते म्हणाले. "मगे ता चेडू माका काय शिकवता, मीच तेका दाखवतंय."